चाक निवेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे. ऊस वाहायचा नव्हे आणि शेणखत वाहायचाही नव्हे. मी एका लहान शिडाच्या होडीचा ट्रेलर आहे. कोल्हापूर जिल्ह्याला समुद्र नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. तरी मी आहे. उद्यमनगराच्या मागच्या एका गल्लीत, घराला लागून काढलेल्या पत्र्याच्या छपराखाली मी उभा असतो. मला तीन वेळा रंग दिला गेला आणि आता ते तिन्ही रंग कुठे ना कुठे दिसतात. माझी हकिकत मोठी नाही. पण ती मी कुणाला सांगितलेली नाही आणि आता सांगावीशी वाटते.

माझा जन्म एकोणीसशे चौऱ्याण्णव सालचा. माझे मालक आकाराम हे नौदलात सतरा वर्षे नोकरी करून परत आले होते आणि उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करत होते. मुंबईच्या गोदीतल्या टाकाऊ मालात त्यांना बारा फुटांची एक फायबरची होडी मिळाली. तिच्या बुडाला भोक होते आणि शीड फाटलेले होते. ट्रकमध्ये रिकाम्या पोत्यांवर ठेवून त्यांनी ती कोल्हापूरला आणली. भोक स्वतः बुजवले. शीड त्यांच्या पत्नी आक्काताई यांनी शिवले. होडीचे नाव आक्काताईंनीच ठेवले, टिटवी.

होडी झाली, पण ती पाण्यापर्यंत न्यायची कशी? म्हणून मी. माझा सांगाडा लोखंडी चॅनेलचा. चाके आणि एक्सल भंगारातल्या एका जीपचे. पुढे दोर गुंडाळायला हाताने फिरवायची विंच. वेल्डिंगचे काम ज्ञानू नावाच्या कारागिराने केले. तो मला जोडत असताना सारखा विचारत होता.

"आकाराम, ह्यात न्यायचं तरी काय?"

"होडी."

"होडी? आन् समुद्र कुठनं आणणारैस? त्यो पण भंगारात मिळतोय व्हय?"

"तू जोड गप. टाके नीट मार."

"टाके नीटच हाईत. डोकं तुझं बघून घे एकदा."

ज्ञानू हसत होता, पण त्याने टाके खरोखर नीट मारले. आजवर त्यातला एकही सुटला नाही. होडीचे बूड ज्यावर टेकते त्या दोन फळ्या उघड्या होत्या. त्या बघून आक्काताईंनी जुन्या लुगड्यांची एक वाकळ शिवली आणि ती फळ्यांना गुंडाळली. लोखंडाच्या अंगावर वाकळ घेऊन फिरणारा ट्रेलर कोल्हापुरात मी एकटाच असेन.

आमचे तळे शाहूवाडीच्या बाजूला होते, आक्काताईंच्या माहेरच्या गावाला. घरापासून चाळीसेक किलोमीटर. मध्ये वाघबिळाचा चढ. तळ्याला एक दगडी उतार होता. तो होडीसाठी बांधलेला नव्हता. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, बैल धुवायला गावाने तो पूर्वी कधीतरी बांधला होता. उताराच्या एका अंगाला चिंचेचे झाड आणि दुसऱ्या अंगाला पाण्याच्या पंपाची खोली. उतार पाण्यात शिरायचा आणि थोड्या अंतरावर एका मोठ्या दगडाशी संपायचा. त्याच्या पुढे नुसता चिखल. माझे चाक त्या चिखलात गेले असते, तर मला ओढून काढायला बैलजोडी लागली असती.

पहिल्या दिवशी आम्ही पोचलो आणि मालकांना उतावीळ झाली. त्यांनी मला ओढणारी आपली जुनी जीप फिरवली, मला उलटे उतारावर घेतले आणि तडक पाण्यात घातले. माझी चाके तापलेली होती. गार पाणी लागल्याबरोबर आत काहीतरी सूं करून ओढल्यासारखे झाले. मला ते कळले, पण कुणाला सांगणार? टिटवी वाकळेवरून सुटली, पाण्यावर तरंगली आणि काठावर जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे कुणी बघितले नाही. बघायचे कारणही नव्हते.

पुढे पाच-सहा आठवडे आम्ही असेच गेलो आणि असेच आलो. एका रविवारी परत येताना वाघबिळाच्या उतरणीला माझे डावे चाक कुरकुरले आणि मग अडकूनच बसले. मालकांनी रस्त्याच्या कडेला बसून हब उघडला. हब म्हणजे चाकाचा मधला भाग, त्यात बेरिंग असते. आतले ग्रीस ताकासारखे पांढरे झाले होते. बेरिंग गंजून गेले होते.

"वर रबराचा सील बसीवलाय. पाणी गेलंच कसं?" मालक म्हणाले.

 घरी आल्यावर आक्काताईंनी अंगणात परात ठेवली आणि तिच्यात पाणी ओतले. स्टोव्हवर तांब्याचा रिकामा तांब्या चांगला तापवला, फडक्यात धरून आणला आणि परातीत उपडा घातला. बुडबुड आवाज झाला. थोड्या वेळाने परातीतले पाणी कमी झालेले दिसले. ते तांब्यात चढले होते.

"पोटात दुखायला लागलं की माझी आजी असाच तांब्या बसवायची," आक्काताई म्हणाल्या. "तापला की आत ओढतोय. तुमचं चाक म्हंजी तांब्याच की. तापलेलं घेऊन पाण्यात घालतायसा, मग ओढंल न्हाई तर काय करंल?"

मालक सतरा वर्षे जहाजावर होते आणि तीन वर्षे लेथवर. ते परातीजवळ उकिडवे बसले.

"मग काय करायचं म्हणतीस?"

"करायचं काय त्यात? चाक निवंपर्यंत थांबायचं. तवर च्या करू."

त्या दिवसापासून आमचा नियम पडला, मित्रांनो. तळ्यावर पोचले की आधी जीप चिंचेच्या सावलीला. आक्काताई खाली उतरायच्या आणि लेकराचा ताप बघावा तसा उलटा हात माझ्या हबवर ठेवायच्या. मग वातीचा लहान स्टोव्ह काढायच्या. चहा व्हायचा, पिऊन व्हायचा, भांडी विसळून व्हायची. तोवर मालक डोलकाठी उभी करायचे आणि शीड लावायचे. पुन्हा एकदा हात माझ्या हबवर. "निवलं," असे आक्काताई म्हणाल्या की मग जीप सुरू.

मग खरे काम. मागे ट्रेलर जोडलेली जीप उलटी घेणे सोपे नसते. जीपचे स्टेअरिंग एकीकडे फिरवावे तर ट्रेलर दुसरीकडे जातो. त्यात सांगणारा मागे तोंड करून उभा असला, तर त्याची उजवी बाजू ही चालवणाऱ्याची डावी असते. पहिल्या वर्षी यावरून दोघांची बरीच भांडणे झाली. शेवटी आक्काताईंनी डावे-उजवे सोडूनच दिले. त्या साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरायच्या, उताराच्या शेवटच्या दगडावर पाय रोवून उभ्या राहायच्या आणि तिथून ओरडायच्या.

"चिंचंकडं! चिंचंकडं! बास. आता पंपाकडं थोडं. थोडं म्हटलं! अवं, मला चिरडतायसा काय?"

"मग तू बाजूला हो की!"

"मी बाजूला झालो तर तुमाला कळणार कसं, दगड कुठं संपतोय ते?"

आणि ते खरे होते. मालक जीपच्या आरशात बघायचे. आरशात आक्काताई जिथे उभ्या दिसतील तिथे उतार संपला, एवढेच त्यांना माहीत होते. त्यांच्यापासून हातभर अलीकडे मी थांबायचो. होडी आपोआप तरंगायची. आक्काताई तिचा पुढचा दोर धरायच्या. काढतानाही तसेच. मी पाण्यात जाऊन थांबायचो, आक्काताई टिटवीला हाताने वळवून माझ्या वाकळेवर आणायच्या, विंचचा आकडा तिच्या नाकाला लावायच्या आणि मालक विंच फिरवायचे. टिटवी वर आली की तिच्या मागचे बूच काढायचे. आत साठलेले पाणी बाहेर पडायचे आणि उतारावरून पुन्हा तळ्यात जायचे.

पहिली काही वर्षे आम्ही टिटवीला दर रविवारी नेत-आणत होतो; पुढे मात्र दिवाळी झाली की तिला तळ्यात सोडायचो. मेअखेर पाणी कमी असतानाच तिला बाहेर काढायचो. मधले सहा महिने ती तळ्यातच बांधलेली असायची आणि तिच्यावर लक्ष ठेवायला बाबासो होते. तळ्याला लागून त्यांची शेती होती. आकाराम गावचे जावई, म्हणून बाबासो त्यांना पावणं म्हणायचे. आक्काताईंची मुलगी क्रांती बाबासोंना मामा म्हणायची.

बाबासोंचा आवाज मोठा होता. ते बैल धुवायला आले आणि मी उतारावर असलो, की लांबूनच सुरू व्हायचे.

"पावणं, उतार बैलांचा हाय! आधी बैल, मग तुमचं जहाज!"

"पाच मिंटं, बाबासो."

"बैलाला घड्याळ कळत न्हाई!"

पण थांबायचे. चहाही प्यायचे.

एकदा चहा पिताना क्रांतीने आईला विचारले, की तू दर वेळी इतका वेळ पाण्यात उभी राहतेस, कंटाळा येत नाही का? क्रांती तेव्हा कॉलेजात होती. आक्काताई म्हणाल्या, "माझ्या आजीला ह्या उतारावर पाय ठेवायची सोय नव्हती. वर घागर घेऊन उभारायची. कुणी वतलं तर पाणी, न्हाईतर न्हाई. बैल उतरायचे, आमी न्हाई. म्हणून मला हितं उभारायला बरं वाटतंय."

बाबासो तिथेच बसलेले होते.  कप खाली ठेवला आणि बैलांकडे गेले. पुढच्या रविवारी त्यांनी पहार आणि खराटा आणून उतारावरचे शेवाळ खरवडून काढले. शेवटच्या दगडावर पाय घसरू नये म्हणून पहारेने एक खाच पाडून दिली. आक्काताईंचा पाय त्या खाचेत बरोबर बसायचा.

मित्रांनो, ती वर्षे माझी चांगली गेली. मला बघायला लोक यायचे. आजूबाजूच्या गावांतली माणसे विचारायची, हे काय आहे, हे कशाला. शाळेची पोरे माझ्या जोखडावर बसून फोटो काढून घ्यायची. टिटवीचे कौतुक जास्त व्हायचे, ते बरोबरच आहे. शीड तिला आहे, मला नाही. पण घरी परतल्यावर मालक माझ्या हबला ग्रीस भरायचे आणि आक्काताई ओली वाकळ सोडून दोरीवर वाळत घालायच्या. माझे काही कमी पडले नाही.

आता मला दोन हजार पाच सालच्या नोव्हेंबरचे सांगायचे आहे. ते सांगायला मला आवडत नाही.

दिवाळीनंतरचा रविवार होता. क्रांती आजऱ्याला शाळेत शिक्षिका झाली होती, ती आली नव्हती. दोघेच होते. आम्ही तळ्यावर पोचलो तेव्हा वारा फार छान होता. आक्काताई उतरल्या आणि त्यांनी माझ्या हबवर हात ठेवला.

"तापलंय," त्या म्हणाल्या आणि स्टोव्हची पिशवी काढली.

"आक्का, आज च्या ऱ्हाऊ दे," मालक म्हणाले. "वारा हाय तवर सोडू या."

"जरा बसू की. धा मिंटं."

"बसायला आख्खा दिस पडलाय. होडी पाण्यात गेली की बस."

आक्काताईंनी पिशवी परत गाडीत ठेवली. साडी खोचली आणि पाण्यात गेल्या. पण शेवटच्या दगडापर्यंत जाताना त्यांनी माझ्या बाजूचा लोखंडी पाइप धरला. असा त्यांनी पूर्वी कधी धरला नव्हता. त्यांच्या अंगाचा भार माझ्यावर आला. त्या दोनदा थांबल्या. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी लोखंडाचा आहे. मला कुणाला हाक मारता येत नाही.

टिटवी पाण्यात गेली. माझ्या डाव्या हबमध्ये पाणी शिरले. घरी परतल्यावर मालक म्हणाले, पुढच्या आठवड्यात हब उघडू. पुढच्या आठवड्यात काम निघाले. मग राहिलेच.

फेब्रुवारीत आक्काताई गेल्या.

घरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसे अंगणात बसली होती. जागा कमी पडली म्हणून काहीजण माझ्यावर बसले. नंतर सगळे गेले. मालक कामाला जायचे आणि परत यायचे. माझ्या बाजूने जाताना ते माझ्याकडे बघत नसत. मार्च गेला, एप्रिल गेला. शेजारच्या कोंबड्या माझ्या फळ्यांवर बसू लागल्या. उजव्या चाकातली हवा गेली. वाकळेत उंदराने घर केले. मे महिना आला आणि मला वाटले, आता मला काढतील, टिटवीला आणायचे आहे. मे पण गेला.

मला राग आला होता, मित्रांनो. खरे सांगतो. मला वाटले, आक्काताई गेल्या तशी माझी गरज संपली. माणसाला माणूस प्यारा, ट्रेलरचे काय?

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बाबासोंचा फोन आला. फोन खिडकीत होता आणि बाबासोंचा आवाज फोनमधूनही अंगणात ऐकू यायचा.

"पावणं, वर डोंगरात पाऊस लागलाय. तळ्याला पाणी चढालंय. होडी बांधाच्या दगडावर आदळालीया. मी पोती बांधल्यात मधी, पर ती किती दिस टिकतील? येऊन न्हेवा."

"बुडू दे," मालक म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी क्रांती आजऱ्याहून एसटीने आली. बाबासोंनी तिलाही फोन केला होता. ती आल्याआल्या म्हणाली, "आबा, होडी आणायची हाय."

"बुडू दे म्हटलं न्हवं मी."

"बुडू दे तर बुडू दे. पर का ते तरी सांगा."

मालकांनी तोंड फिरवले.  मग क्रांती अंगणात आली, कोंबड्या हाकलल्या, जॅक लावला आणि माझ्या डाव्या चाकाचे नट सोडायला लागली. नट गंजले होते. तिने पान्यावर उभे राहून उड्या मारल्या. मालक दारातून बघत होते. लेथवर काम करणाऱ्या माणसाला असली गोष्ट बघवत नाही.

"आगं, गोल हुतील नट! आधी तेल सोड त्यावर!"

"मग या की सोडायला."

ते आले. तेल सोडले, वाट बघितली, नट सोडवले, चाक काढले आणि हबचे टोपण उघडले. आतून तांबूस पाणी बाहेर आले. थोडेच, अर्धा कप असेल. ते मालकांच्या हातावर सांडले आणि त्यांनी हात तसाच पुढे धरून ठेवला.

"हे त्या दिवशीचं पाणी हाय," ते म्हणाले.

"कुठल्या?"

मग त्यांनी सांगितले. नोव्हेंबरचा रविवार, वारा, स्टोव्हची पिशवी, सगळे. "ती धा मिंटं बसू म्हणाली. मी बसू दिलं न्हाई. दवाखान्यात डॉक्टर मला इचारत हुते, दम कवापास्नं लागतोय? मला सांगता आलं न्हाई. मला ठाऊकच न्हवतं, क्रांती. मला चाकाचं ठाऊक हुतं, तिचं न्हाई. चहा चाकासाठी करतोय असंच मी समजत हुतो."

क्रांती रडली. तेही रडले. मी तिथेच होतो, एका बाजूला जॅकवर उचललेला. मला कळले, की इतके महिने हा माणूस माझ्याकडे का बघत नव्हता. माझा राग गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी दोन्ही हब रॉकेलने धुतले, नवी बेरिंगे बसवली, ग्रीस भरले. क्रांतीने वाकळेतून उंदराचे घर काढले आणि फाटले होते तिथे टाके घातले. मग आम्ही निघालो.

तळ्यावर पोचलो तेव्हा बाबासो बांधावर उभे होते आणि टिटवी खाली दगडांवर आदळत होती. पाणी इतके वर मी कधी बघितले नव्हते. उताराचा निम्मा भाग पाण्याखाली होता.

"चला पावणं, लवकर!" बाबासो ओरडले. "दोर झिजलाय!"

मालक खाली उतरले. त्यांनी उलटा हात माझ्या हबवर ठेवला.

"तापलंय. क्रांती, स्टो काढ."

"आबा! होडी फुटंल तवर!"

"बाबासो, तुमचा कासरा टाका तिला दुसरा आन् धरून ऱ्हावा," मालक म्हणाले. "धा मिंटं लागतील. मी एकदा घाई केलीया, आता करणार न्हाई."

बाबासोंनी कपाळाला हात लावला, पण बैलांचा कासरा आणून टिटवीला बांधला आणि तिला दगडांपासून लांब ओढून धरले. चहा उकळायला लागला. मालक क्रांतीसमोर बसले.

"दमलीस काय?" त्यांनी विचारले.

क्रांती बघतच राहिली. आबांनी असे कधी विचारल्याचे तिला आठवत नसावे.

"दमलो की," ती म्हणाली. "काल एसटीत उभ्यानं आलो आजऱ्यापास्नं."

"मग बस नीट. टेक जरा."

चहा झाला. बाबासोंचा कप मालकांनी बांधावर नेऊन दिला, कारण त्यांचे हात कासऱ्यात गुंतले होते. हब निवला. मालक जीपकडे गेले, आत बसले आणि आरशात बघितले. आरशात नुसते पाणी होते. त्यांनी जीप सुरू केलीच नाही.

"काय झालं?" क्रांतीने विचारले.

"दगड कुठं संपतोय ते मला ठाऊक न्हाई. ती उभी असायची." ते खाली उतरले. "तू चालव. मी पाण्यात जातो."

त्यांनी पायजमा वर घेतला आणि पाण्यात शिरले. गुडघा, मांडी, कंबर. शेवाळावरून एकदा घसरले. पायाने चाचपत पुढे गेले. पाणी छातीला लागले तेव्हा थांबले. त्यांचा पाय खाचेत बसला होता.

"घे मागं!" ते ओरडले. "चिंचंकडं! चिंचंकडं!"

क्रांतीने स्टेअरिंग उलटे फिरवले आणि मी पंपाच्या खोलीकडे निघालो.

"पोरी!" बाबासो बांधावरून ओरडले. "एवढ्या येळात बैलाला सुदीक कळलं असतं!"

"मामा, बैलाला आरशात बघून मागं यायला लावा की एकदा!"

"चिंचंकडं म्हटलं!" मालक ओरडले. "पुढं घे, परत ये. हां. आता सरळ. सरळ. थोडं पंपाकडं. बास! बास!"

मी थांबलो. माझे चाक त्या दगडापासून हातभर अलीकडे होते. बाबासोंनी कासरा सैल सोडला, मालकांनी टिटवीला वळवले आणि ती माझ्या वाकळेवर आली. तिच्या एका अंगाला चार ओरखडे पडले होते, पण ती फुटली नव्हती. आकडा लागला, क्रांतीने विंच फिरवली, जीप पुढे गेली आणि आम्ही दोघे पाण्याबाहेर आलो. बूच काढले. टिटवीतले पाणी उतारावरून वाहत गेले.

मालक काठावरच्या दगडावर बसले. ते कुडकुडत होते. बाबासोंनी आपल्या खांद्यावरची घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली.

"लई गार हाय गं पाणी," मालक क्रांतीला म्हणाले. "बारा वर्षं ती त्यात उभारली. मी जीपमधी बसून चिंच कुठं आन् पंप कुठं एवढंच ऐकलं."

"आई सांगायची न्हाई, आबा."

"तिनं सांगायचं न्हवतंच. मी इचारायचं हुतं."

बाबासो कासरा गुंडाळत होते. ते म्हणाले, "पावणं, दिवाळीला या परत. उतार मी खरवडून ठेवतो."

आम्ही गेलो, मित्रांनो. त्या दिवाळीला गेलो आणि त्यानंतरही जात आहोत. कधी क्रांती जीप चालवते आणि मालक पाण्यात उभे राहतात, कधी उलट. जो पाण्यात असतो त्याला दुसरा मधूनमधून विचारतो, बाहेर यायचे का. पुष्कळदा उत्तर नाही असेच येते. तरी विचारतो.

तुमच्या घरी माझ्यासारखा ट्रेलर नसेल, पण सायकल असेल, पंप असेल, गिरणी असेल. तापलेल्या वस्तूला लगेच गार पाण्यात घालू नका. तिला निवू द्या, पुसा, तेल-ग्रीस घाला. आम्ही वस्तू तक्रार करत नाही, आतून गंजतो आणि एक दिवस रस्त्यात अडकून बसतो. आणि वस्तूंची काळजी घेताना, जो तुमच्याबरोबर काम करतो आहे त्याला दमलास का म्हणून विचारा. तोही बहुधा सांगत नाही.

माझा डावा हब आता चांगला आहे. गेल्या रविवारी आम्ही तळ्यावर पोचलो तेव्हा वारा मस्त होता. मालकांनी शिडाकडे बघितले, मग माझ्या चाकावर उलटा हात ठेवला आणि स्टोव्हची पिशवी काढली.